चंदनले काढून टाकतो

कामगाराचे हक्क आमच्या राइस मिलमध्ये कोणाले पाठ असतील तर ते मले! कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयसीवाल्यांचं शिबिर झालं तेव्हा बाकीचे समोसे घेऊन पसार झाले, मी बसून भाषण ऐकलं. तेव्हापासून अख्ख्या तुमसरात मी छाती काढून फिरतो. माझं काम हमालांवर देखरेख कराचं, म्हणजे गोदामाच्या दारात उभं राहाचं. ते मी मनापासून करतो.

एका सकाळी मालकाच्या खिडकीखालून जाऊन राहिलो होतो. आत भूपेंद्रशेठ फोनवर.

“चंदनले आता काढून टाकतो. धावत तर नाहीच, नुसता उभा राहते अन् खाते.”

चंदन म्हणजे मीच! नव्या घराचा स्लॅब अर्धाच टाकून झाला होता, अन् सासुरवाडीत ‘जावई पर्मनंट’ म्हणून माझा मान होता.

घरी तेजस्विनीले सांगितलं. बायकोच ती, डोळ्यांले पदर लावला. मी तिले कायदा सांगितला. असं कोणी उठून काढू शकत नाही, आधी नोटीस, मग भरपाई, अन् वरून काही दिवस बेरोजगारी भत्ता, घरी बसून अर्धा पगार! तिनं पदर खाली केला.

“मग काढू द्या नं. तसंही तिथं काय करता तुम्ही?”

पण भत्त्याले अटी होत्या. आपणहून नोकरी सोडली, भत्ता गेला. गैरवर्तन केलं म्हणून काढलं, तरी गेला. म्हणजे सोडाचंही नाही अन् भांडाचंही नाही, गुणी लेकरावानी वागून हाकलून घ्याचं! ‘धावत नाही’ हा ठपका तर आधी पुसाच लागत होता.

म्हणून मी धावलो. वजनकाट्यावरून गोदामात, गोदामातून बॉयलरवर, धापा टाकत. कवडू हमालानं विचारलं, “चंदनभाऊ, कुत्रं लागलं काय मागं?” मी धावतच राहिलो, कोणाशी वाद नको. ‘खाते’ हाही ठपका होता, म्हणून डबा कोंड्याच्या पोत्यांमागं लपून खाल्ला. बाहेर आलो तर मिशा पांढऱ्या. शेठ माझ्याकडं टक लावून पाहत होते. मी नमस्कार केला अन् पुन्हा धावलो.

असा आठवडा गेला. मग नाकाडोंगरीचा एक माणूस जीप घेऊन आला अन् आल्या आल्या त्यानं शेठले विचारलं, चंदन कुठं आहे? मनात म्हटलं, मले दुसऱ्या मिलवर देऊन टाकतात वाटते!

शेठ म्हणाले, “चला, दाखवतो. दात पाहून घ्या. लाथ नाही मारत, गरीब आहे.”

आता हद्द झाली! मी दोघांच्या मधात जाऊन उभा राहिलो.

“शेठ, नोटीस दिल्याबिगर मले काढता येत नाही. भरपाई लागन. अन् दात मी कोणाले दाखवत नाही!”

हमाल पोती खाली ठेवून पाहत राहिले. शेठनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अबे, मी माझ्या पटाच्या बैलाबद्दल बोलून राहिलो.”

शेठनं औंदा शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैल घेतला होता. तो आंधळगावच्या वाडीवर बांधलेला असते, म्हणून मी पाहिला नव्हता. अंगानं चंदनासारखा पिवळसर, म्हणून नाव चंदन. मी हळूच विचारलं, “म्हणजे मी राहिलो?”

“तुले कोण घेते बे? बैलाले निदान गिऱ्हाईक तरी आलं.”

बैल धावत नाही हे कळल्यावर गिऱ्हाईकही परतच गेलं. बैल राहिला, मीही राहिलो. पण शेठनं मले आठवडाभर धावताना पाहिलं होतं! त्यांनी मिलचं दुसरं गोदामही माझ्याकडंच दिलं, पगार तोच. आता एक चंदन आंधळगावले उभा राहून खाते अन् दुसरा तुमसरात धावते.

यावर कायद्यात काहीतरी असलंच पाहिजे. शिबिरात सांगितलंही असन. पण खरं सांगू काय, तेवढ्यापुरता मी समोसा घ्याले उठलो होतो.