साळूबाईच्या भूमिकेसाठी योग्य चेहरा

टेंभुर्णीचे सुपुत्र व दूरचित्रवाणी-लेखक श्री. धर्मराज यांच्या तेरा भागांच्या मालिकेचं चित्रीकरण १९९६च्या भाद्रपदात आमच्या गावी पार पडलं. स्वागत समितीचा चिटणीस या नात्याने त्याचा अहवाल सादर करत आहे. समितीत सहा जण होते. लिहिता येणारे दोघेच, आणि त्यातल्या दुसऱ्याला वेळ नव्हता.

शाळेच्या पटांगणात सत्कार झाला तेव्हा धर्मराजांनी आपले विचार मांडले. राजकारण म्हणजे खुर्चीत कोण बसतं, एवढाच प्रश्न. अर्थकारण म्हणजे समान कामाला समान दाम. आणि कला म्हणजे ज्याचं जगणं त्याचीच भूमिका. मुंबईच्या नट्यांनी मजुरीण व्हायचं हा शुद्ध दरोडा आहे. मग गळ्यातला हार न काढता त्यांनी जाहीर केलं, "माझ्या मालिकेत एक मजुरीण सरपंच होते. मनातल्या मनात मी ती भूमिका केव्हाच देऊन टाकली आहे. साळूबाई, उभ्या राहा. मानधन नटीएवढंच."

साळूबाई सर्जेरावांच्या कपाशीत खुरपायला जात. त्या उभ्या राहिल्या. ग्रामसभेने तसा ठरावही केला. विरोध कुणाचाच नव्हता, कारण खर्च मुंबईचा होता.

साळूबाईंनी खुरपणी सोडली. सर्जेरावांनी त्यांची खुरपायची पात दुसऱ्या बाईला दिली. साळूबाईंना पर्वा नव्हती. मानधनातून घरावर पत्रे टाकायचे, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आठ पत्रे लागतात, हे त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

पहिली अडचण संवादाची आली. "मालक, माझ्या श्रमाला न्याय द्या," असं वाक्य होतं.

"असं कोन बोलतंय, दादा?" साळूबाईंनी विचारलं.

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनते, मालक, काल चार बाया होतो, रोज तिघींचाच धाडला."

यात विचार नाही, असं धर्मराजांचं मत पडलं. दिग्दर्शकांचं म्हणणं वेगळंच होतं. कॅमेऱ्यात गरिबी उमटत नाही म्हणाले.

"आनखी किती आनू?" साळूबाई म्हणाल्या.

तरीही धर्मराज ठाम राहिले, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. ते डगमगले खुर्चीपाशी. ग्रामपंचायतीच्या खोलीत खताची पोती असल्यामुळे मालिकेतलं कार्यालय सर्जेरावांच्या ओसरीवर उभारलं होतं. खुर्चीही त्यांचीच होती.

"धर्मराज, वसरी तुमचीच समजा," सर्जेराव म्हणाले. "लाईट घ्या, पानी घ्या, सगळ्याइची भाकर माझ्याकडं. पन त्या खुर्चीत साळी बसनार न्हाई."

"काका, हे खोटं खोटं आहे."

"म्हनूनच सांगून राह्यलो. खरं असतं तर गावातल्या गावात मिटवलं असतं. हे अख्खा जिल्हा पाहनार."

"आणि मुंबईची नटी बसली तर?"

"बिलकुल बसा म्हना. पाहुन्या हायेत त्या."

मी तिथेच होतो. वहीत 'खुर्चीबाबत चर्चा झाली' एवढंच लिहिलं. मी शाळामास्तर, आणि माझ्या नकोशा बदलीचा कागद त्या दिवसांत सर्जेरावांच्या ओळखीनेच थांबला होता.

धर्मराजांनी दोन कप चहा होईपर्यंत विचार केला आणि निर्णय दिला. मजुरीण खुर्चीत बसते, हे लोकांना दिसणं महत्त्वाचं. कोणती मजुरीण, हा प्रश्न व्यक्तिवादी आहे. चौथ्या दिवशी नटी आली.

नटीला अस्सल लुगडं हवं होतं, म्हणून साळूबाईंचं अंगावरचं घेण्यात आलं. बदल्यात नवं नायलॉनचं पातळ दिलं. अन्याय कुठेही झाला नाही. साळूबाईंना गर्दीत बसवायचं ठरलं होतं. पण नव्या पातळात त्या सुखवस्तू वाटतात, असं दिग्दर्शकांना वाटलं आणि त्यांना गर्दीतूनही उठवलं. मग चार दिवस त्यांनी नटीला खुरपायला शिकवलं.

बाराव्या भागात मजुरणीचं घर गळतं. ते घर साळूबाईंचंच घेतलं. पाऊस नेमका उघडला होता, तेव्हा वरून टँकरचं पाणी सोडलं. पाणी नटीच्या ताटात बरोबर पडावं म्हणून छपराचं भोक थोडं मोठं करावं लागलं.

शेवटी मानधन. समान कामाला समान दाम, या तत्त्वाशी धर्मराजांनी तडजोड केली नाही. साळूबाईंनी काम केलं ते खुरपणीचं. सबब त्यांना खुरपणीचा रोज मिळाला, शिवारातल्या इतर बायांएवढाच, एक पैसाही कमी नाही.

"दादा, मंग पत्र्याचं?"

"साळूबाई," धर्मराज म्हणाले, "तुमच्या व्यथेला मी अख्खा बारावा भाग दिला आहे."

मालिका लागली तेव्हा सर्जेरावांच्या ओसरीवर गाव जमलं. घर गळालं तेव्हा सगळे रडले, सर्जेराव सगळ्यांत आधी. साळूबाई अंगणात उभ्या राहून पाहत होत्या.

"बाई गुनाची हाये," त्या मला म्हणाल्या. "चार दिस सांगितल्तं, तरी खुरपं उलटंच धरलंय."

मला लाज वाटली. त्या लाजेचं काय करावं हे न कळून मी अहवाल लिहायला घेतला. महाराष्ट्रभरातून धर्मराजांना पत्रं आली. "हुबेहूब मजुरीण," असं बहुतेकांनी लिहिलं होतं.

एक बाब राहिली. साळूबाई दिसायला कशा आहेत, उंच की ठेंगण्या, काळ्या की गोऱ्या, हे मी या अहवालात कुठेही लिहिलेलं नाही. तरी वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कुणीतरी होतंच. ती कोण होती, आठवून पाहा. कुठे पाहिली होती? शेतात, की टीव्हीवर?

टीव्हीवर असेल तर समितीची तक्रार नाही. साळी बसणार नाही, हे सर्जेरावांनी निदान तोंडावर सांगितलं होतं.