खुर्ची, नग एक

"या बुधवारी खुर्ची जाणार, आणि माझ्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवू शकणार नाही!" असं नियमराव आरशातल्या स्वतःला म्हणाले. तोंडात ब्रश असल्यामुळे आरशावर थोडा फेस उडाला. बाकी योजनेत काही खोट नव्हती.

नियमराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. नगरपालिकेच्या सुरक्षा आणि पर्यावरण विभागात बावीस वर्षं काढली की माणसाचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरतं. तुंबलेली गटारं, कलंडलेली झाडं, मुदत संपलेली अग्निशामक नळकांडी, फुटपाथवरचे अडथळे, सगळ्यांसाठी त्यांच्याकडे नियम होता. नव्हता तो फक्त सासऱ्यांच्या खुर्चीसाठी.

सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अकरा वर्षांपूर्वी ते लेकीकडे राहायला आले ते खुर्ची घेऊनच. रुंद, जड, मागच्या एका पायाने आखूड. त्या दोघांनी मिळून खिडकीजवळचा कोपरा जो बळकावला, तो बळकावलाच! घरात वारा येतो तो तेवढ्याच खिडकीतून. पूर्वी ऑफिसातून आल्यावर नियमराव तिथे पाय पसरून पेपर वाचायचे. आता ते चपलांच्या कपाटाजवळ स्टुलावर बसत. पेपर सासऱ्यांचा वाचून झाला की मिळे, आणि शब्दकोडं सोडवलेलं असे. माणसाला स्वतःच्या घरात एक कोपरा असू नये? नियमरावांचं दुःख एवढंच होतं, पण ते अकरा वर्षांचं होतं.

मागे एकदा त्यांनी स्वतःच्याच घराला रीतसर नोटीस बजावली होती. 'खिडकीस अडथळा. आगीच्या वेळी धोका.' सासऱ्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, लाल पेनाने दोन चुका दुरुस्त केल्या, चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली.

"कागद चांगला जाड आहे हो, जावईबापू," ते म्हणाले. "आता डुगडुगत नाही."

त्या दिवसापासून नियमराव संधीची वाट बघत होते. आणि बुधवारी त्यांच्या गल्लीत अवजड कचरा दिन होता!

हा दिवस वर्षातून एकदाच येतो. मोडकं सामान सकाळी आठच्या आत फुटपाथवर ठेवायचं, पालिकेची गाडी घेऊन जाते. मागे एका बाईंनी एकच गादी तीनदा टाकली आणि तीनदा परत नेली, तेव्हापासून नियमरावांनी नियम कडक केला होता. फुटपाथवर जे असेल ते उचलायचं. मालक रडो, ओरडो, ऐकायचं नाही. यादीत चढलेली वस्तू परत नाही! खाली त्यांची झोकदार सही.

बुधवारी साडेसातला सासरे आंघोळीला गेले. त्यांची आंघोळ अर्धा तास चालते.

"अगं, खुर्चीत ढेकूण दिसला मला," नियमराव बायकोला म्हणाले.

"ढेकूण? आपल्या घरात? कुठंय?"

"होता. आत शिरला. जरा ऊन दाखवू या."

दोघांनी खुर्ची फुटपाथवर नेली. बायको बिचारी पुन्हा घरात धावली, आणखी काय काय उन्हात टाकावं हे बघायला. नियमराव शीळ घालत ऑफिसला गेले.

साडेनऊला फोन आला.

"अहो, गाडीने खुर्ची नेली!"

"अरेरे! काय सांगतेस!" हा उद्गार त्यांनी रात्री तीनदा घोकला होता. "पण आता काय करणार? यादीत चढली की—"

"अहो, पण बाबा—"

"समजाव त्यांना. वस्तू आहे, आज ना उद्या जायचीच."

"बाबा खुर्चीत बसले होते!"

नियमरावांनी तडक गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला.

"साहेब, आजोबा उठेनात," ड्रायव्हर म्हणाला. "खुर्ची जिथे जाईल तिथे मी जाणार, म्हणाले. आता मालकाचं ऐकायचं नाही असं तुम्हीच शिकवलंय. मग उचलली. चौघं लागलो."

"अरे, माणूस उचललात?"

"छे छे! खुर्ची उचलली. माणूस वर होता."

"यादीत काय लिहिलंय?"

"खुर्ची, नग एक. आजोबा, नग एक."

"उतरव त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

"उतरले तर पाहिजेत ना! आणि साहेब, गाडी भरतच नाहीये. आजोबा काही टाकूच देत नाहीत लोकांना."

नियमरावांनी स्कूटर काढली. चौथ्या गल्लीत गाडी उभी होती आणि भोवती ही गर्दी! मागच्या फळीवर, खुर्चीत, सासरे बसलेले. हातात कुणीतरी दिलेला चहा. समोर एक बाई कपाट घेऊन उभ्या.

"बिजागरी गेलीय हो याची," बाई म्हणाल्या.

"बिजागरी गेलीय ना? कपाट कुठे गेलंय?" सासरे कडाडले. "दोन स्क्रू लावा. चला, न्या परत!"

बाईंनी मुकाट्याने कपाट परत नेलं. त्यांच्यामागे एक धिप्पाड गृहस्थ मान खाली घालून आपलं टेबल घरी नेत होते. गाडीत खुर्ची सोडून फक्त एक फुटका टब आणि एक स्टूल होतं. स्टूल कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण स्टुलाकडे बघायला वेळ कुणाला?

"बाबा, खाली उतरा," नियमराव हळूच म्हणाले. "घरी जाऊ. खुर्ची घेऊन जाऊ."

"कशी नेणार? यादीत चढलेली वस्तू परत नाही. ड्रायव्हरने मला कागद दाखवला. तुमची सही आहे." सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "या वेळी चुका नव्हत्या. प्रगती आहे."

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. गर्दीत अडकलेल्या गाडीतून विभागप्रमुख मॅडम उतरल्या. बावीस वर्षांची नोकरी, आणि कचऱ्याच्या गाडीत सासरा!

"एरवी एव्हाना दोन खेपा होतात. आज गाडी रिकामी कशी?" मॅडमनी विचारलं. ड्रायव्हरने सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उजळला. पालिकेचा डेपो ओसंडून वाहत होता आणि तीन वर्षं त्यावर तोडगा मिळत नव्हता.

"ही कल्पना कुणाची?"

"साहेबांचीच!" ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला. "खुर्ची त्यांनी स्वतः फुटपाथवर आणून ठेवली. मी कोपऱ्यावर गाडी लावून बघत होतो ना!"

सासऱ्यांनी चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. नियमरावांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. निदान त्या फुटक्या टबात तरी लपता यावं.

"असं होय," सासरे म्हणाले. "मग जावईबापू, ढेकूण सापडला का?"

मॅडमना ढेकणाचा संदर्भ लागला नाही. त्यांनी तिथल्या तिथे सासऱ्यांना विभागाचे मानद सल्लागार म्हणून नेमलं. रोज सकाळी दोन तास. खुर्ची आता पालिकेचीच, तेव्हा ती ऑफिसात राहील. "नियमरावांच्या टेबलाशेजारी खिडकी आहे," त्या म्हणाल्या. "तिथे छान वारा येतो."

ऑफिसातली खिडकी गेली तर गेली! संध्याकाळी नियमराव जवळजवळ धावतच घरी आले. अकरा वर्षांनी कोपरा मोकळा!

कोपऱ्यात एक नवी खुर्ची होती. पाय लांब करायची सोय असलेली, आधीच्या दीडपट. त्यात सासरे कोडं सोडवत होते.

"वरच्या मजल्यावरचे टाकायला निघाले होते," बायको कौतुकाने म्हणाली. "बाबांनी रागावून परत न्यायला लावली. मग तेच म्हणाले, तुम्हीच वापरा!"

नियमराव सवयीने चपलांच्या कपाटाकडे वळले, आणि थबकले.

"अगं, माझं स्टूल?"

"अय्या! ढेकूण म्हणालात ना? मग तेही सकाळी उन्हात ठेवलं होतं!"

"अर्ज करा, जावईबापू," सासरे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "सल्लागार या नात्याने बघतो मी."

नियमरावांनी दुसऱ्याच दिवशी रीतसर अर्ज केला. आठवडा झाला तरी उत्तर नाही. शेवटी धीर करून त्यांनी ऑफिसात शेजारच्या खिडकीकडे वळून विचारलं, "बाबा, माझ्या अर्जाचं काय झालं?"

सासरे खुर्चीत मागे रेलले. पुढे झाले. पुन्हा मागे रेलले.

"बघा," ते म्हणाले. "अजिबात डुगडुगत नाही."