विश्लेषकांच्या बैठकीत लतिकाताई

देवव्रत गायधनी यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली, तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष टायच्या गाठीत होतं.

ते नाशिकमधल्या एका छोट्या बँकेचे वित्तप्रमुख होते. दर तिमाहीचे निकाल लागले की शेअर बाजारातले विश्लेषक ऑनलाइन जमायचे आणि बँकेच्या वरिष्ठांना प्रश्न विचारायचे. आज दुपारी ती बैठक होती. इंदिरानगरमधल्या आपल्या सोसायटीचे ते सेक्रेटरीही होते आणि सोसायटीची ऑनलाइन सभा संध्याकाळी होती. सभेची म्हणून त्यांनी जी लिंक टाकली, ती बँकेच्या बैठकीची होती. तीही वक्त्यांची, म्हणजे जिच्यावरून येणाऱ्याचा माइक चालूच असतो ती.

मामला नाजूक होता. बँकेनं मोबाइल ॲपवरून झटपट कर्जं वाटली होती आणि त्यातली बरीच बुडत होती. शेअर घसरला होता. व्यवस्थापकीय संचालक आल्हाद बर्वे यांनी सकाळीच बजावलं होतं, "कर्जांचा विषय निघाला की मी बोलेन. तू मध्ये पडू नकोस."

विषय पहिल्याच प्रश्नाला निघाला. मुंबईच्या अश्विन वाघमारेनं इंग्रजीत विचारलं, "ॲपवरच्या कर्जांची थकबाकी इतकी का वाढली?"

बर्वे ग्राहकाच्या डिजिटल प्रवासाबद्दल बोलले. तरुण पिढीच्या आकांक्षांबद्दल बोलले. अश्विननं तोच प्रश्न पुन्हा विचारला. बर्व्यांनी चांगल्या प्रश्नाबद्दल त्याचे आभार मानले आणि ॲपच्या नव्या रंगसंगतीकडे वळले.

तेवढ्यात एक खणखणीत आवाज आला.

"अहो, ते विचारतायत कर्ज का बुडलं. तुम्ही रंग कसले सांगताय?"

देवव्रतनी आवाज लगेच ओळखला. लतिका आंबेकर, त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सभा संध्याकाळी असली तरी लिंक उघडते का, हे त्या आधीच बघून ठेवत.

"मॅडम, आपण कोणत्या फंडाकडून?" निवेदिकेनं अदबीनं विचारलं.

"मी इंदिरानगरहून. गायधनी, दिसताय तुम्ही मला. तुम्ही तरी सांगा."

सोसायटीच्या सभांमध्ये लतिकाताईंना अर्धवट उत्तर दिलं की काय होतं, हे देवव्रत चांगले जाणून होते. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं.

"ताई, चूक आमचीच झाली. ॲप पटकन कर्ज द्यायचं, पण माणूस खरंच नोकरीला आहे का, हे कुणी फोन करून विचारतच नव्हतं."

टेबलाखाली बर्व्यांचा बूट त्यांच्या पायावर जोरात पडला. पण आता थांबलं असतं तर ताईंचा पुढचा प्रश्न आला असता.

"आता तशी विचारायची पद्धत बसवतोय. तोवर नवी कर्जं थांबवलीत. आणखी दोन तिमाही त्रास होईल, मग आटोक्यात येईल."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "ही आपली सभा दिसत नाही. चालू द्या तुमचं."

त्या गेल्या. देवव्रतनी तेच उत्तर इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

"थँक यू, सर," अश्विन म्हणाला. "वर्षभरात पहिल्यांदा उत्तर मिळालं."

पुढचे सगळे प्रश्न देवव्रतना आले आणि त्यांनी एकेक करून सगळ्यांची सरळ उत्तरं दिली. बैठक संपल्यावर बर्वे एवढंच म्हणाले, "उद्या राजीनामा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हा शेअर जरा खाली गेला. मग चढू लागला आणि दुपारपर्यंत चढतच राहिला. आपली चूक ओळखणारी बँक म्हणून दोन मोठ्या दलाल पेढ्यांनी तो शेअर घ्यायची शिफारस केली होती. बर्व्यांनी देवव्रतना केबिनमध्ये बोलावलं.

"राजीनामा आणलास?"

"हो, सर."

"फाडून टाक. आणि त्या बाईंचा पत्ता दे."

पुढच्या तिमाहीच्या निकालांआधी लतिकाताईंच्या सोफ्यावर बर्वे पाय जुळवून बसले होते. देवव्रत बाजूच्या खुर्चीत चहा पीत होते.

"ठेवी कमी का झाल्या?" ताईंनी विचारलं.

"बाजारातली एकूण परिस्थिती बघता..."

"परत."

बर्व्यांनी घसा साफ केला. देवव्रतकडे पाहिलं. देवव्रत शांतपणे चहा पीत राहिले.

"आम्ही व्याज कमी देत होतो, ताई."

लतिकाताईंनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.