कंबरेच्या नावाखाली

शोरूममधला सगळ्यात मऊ सोफा सदोष ठरून कारखान्यात परत गेला. सोफ्यात तसूभरही दोष नव्हता. पण हे आपल्यातच ठेवू, कारण मालकांना ते अजूनही माहीत नाही.

तर या शोरूममध्ये एक विक्रेता होता. सगळे त्याला बैठकराव म्हणत. "सोफा बोलून नाही, बसून विकायचा!" ही त्याची फुशारकी. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा सोफ्यावर असा काही रेलायचा, की बघणाऱ्यालाच जांभई यावी!

आणि एका उन्हाळ्यात बैठकराव बसेनासा झाला.

गणवेशाची नवी पँट घट्ट आणि नायलॉनची होती. चारचौघांत ज्याचं नाव घेत नाहीत, तिथे घामाने खाज सुटली. बैठकराव स्वच्छतेचा भोक्ता. जंतुनाशक साबणाने सकाळ-संध्याकाळ अशी घासाघीस केली, जणू करपलेलं पातेलंच! वर चुलतभावाकडचं मलम चोपडलं. शेवटी लिंगाची त्वचा इतकी हळवी झाली, की चड्डीची शिवण घासली तरी डोळ्यांसमोर काजवे चमकायचे.

तो दवाखान्यात गेला. बाकं गच्च भरलेली. नाव नोंदवायच्या खिडकीतल्या बाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "काय होतंय?"

सगळ्या बाकांनी कान टवकारले.

"कंबर," बैठकराव म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला वाकवलं, वळवलं आणि कंबरेला पट्टा दिला. तो पट्टा दुकानात मालकांच्या नजरेस पडला.

"अरे देवा! त्या मऊ सोफ्याने आमचा माणूस मोडला!"

हे नेमकं गिऱ्हाइकांच्या देखत! त्याच संध्याकाळी सोफा टेम्पोत चढला. बैठकराव निरोपाला उभा होता. तसा तो सगळीकडे उभाच होता.

घरी बायकोने मऊ गादी गुंडाळून चटई अंथरली. गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. तिचा हात कंबरेपर्यंत पोचायच्या आत हा टुणकन भिंतीपाशी!

"अरे, शेकतेय, डागत नाहीये!"

"नको. राहू दे."

"रोजचंच झालंय तुझं राहू दे. जवळ बसले की सरकतोस. हात लावला की दचकतोस." तिने पिशवी खाली ठेवली. "कंबर दुखणारा माणूस अशा उड्या मारत नाही. खरं सांग, मी नकोशी झालेय का तुला?"

सोफा गेला तेव्हा बैठकरावला वाईट वाटलं होतं, पण इथे तर संसाराचाच टेम्पो भरायला लागला होता! त्याने डोळे मिटून, एका दमात, सगळं सांगून टाकलं. साबणासकट.

आधी तिचे ओठ थरथरले. मग ती भिंत धरून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"म्हणजे तो बिचारा सोफा उगाच गेला?"

"हो."

"आणि मी इतके दिवस माझं काय चुकलं ते शोधतेय! उद्या दवाखान्यात मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी तीच म्हणाली, "त्वचेची तक्रार आहे. बाकीचं आत सांगू." बाकांची घोर निराशा झाली.

"कंबर कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कंबर नव्हतीच, डॉक्टर," म्हणत बैठकरावने साबण-मलमासकट सगळं सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नीट तपासलं. "जंतू नव्हे, तुमची स्वच्छताच बाधली! साबण बंद. उसनं मलम तर आधी बंद, त्याने त्वचा पातळ होते. नुसतं कोमट पाणी, हलक्या हाताने टिपायचं, सैल सुती कपडे. रक्तातली साखर एकदा तपासू, ती वाढली की बुरशी धरते. जखम, चट्टा, स्राव दिसला तर लगेच या. एवढं करूनही थांबलं नाही, तर नसांचं बघू."

"आणि सारखं तिकडेच लक्ष जातं, त्याचं काय?"

"काळजीने दुखणं मोठं वाटतं. घरी बोलत जा. एकट्याने सांभाळायचं हे दुखणं नाही."

हळूहळू आराम पडला. गादी पुन्हा अंथरली गेली. बायको मात्र अजूनही मध्येच, काही कारण नसताना, हसत सुटते.

तरी सर्व संबंधितांस विनंती करण्यात येते, की पुरुष अशी तक्रार सांगत असताना ती पूर्ण होईपर्यंत कोणीही हसू नये. आणि 'संबंधित' या सदरात पत्नीचाही समावेश तातडीने करण्यात यावा.