ब्राऊन ब्रेड आणायला गेलेली माणसं

रविवारी दुपारी एक वाजला की आमच्या सामाईक भिंतीपलीकडे लंडनचे गुंड साताऱ्याच्या बोलीत भांडायला लागतात.

"आरं बाबल्या, बंदूक उलटी धरलीयास!"

"मंग तूच धर की. मला गाडी चालवायची हाय."

हे सगळे आवाज एकट्या संपत मोहित्यांचे. आयर्लंडमधल्या कॉर्क गावात आमची घरं पाठीला पाठ लावल्यासारखी चिकटून आहेत. मोहिते औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशनचं काम करतात. म्हणजे कागदावर जसं लिहिलंय तसंच यंत्र चालतंय ना, हे बघून सही करतात. काटा केसभर इकडचा तिकडे झाला तर सही नाही. बोलणं एरवी ऑफिसातलं, स्वच्छ, आणि त्यात इथलं 'ग्रँड' पेरलेलं. कसे आहात? ग्रँड. घरातला बॉयलर बंद पडून तीन दिवस झाले होते तेव्हाही ग्रँड.

असा हा माणूस जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून स्वस्तातले इंग्लिश विनोदी गुंडपट गोळा करतो. दुकानातल्या बाई त्या डीव्हीडी काउंटरखाली बाजूला काढून ठेवतात. रविवारी मोहिते त्यातला एक लावतात आणि प्रत्येक वाक्य अर्ध्या सेकंदाने, मोठ्याने, मराठीत म्हणतात.

माझी बायको नीला भिंतीला कान लावून ऐकायची. "चहा नको आत्ता," ती हात वर करून मला थांबवायची, "व्हॅन बंद पडणार आहे." आणि पलीकडे व्हॅन खरोखरच बंद पडायची.

नीला गेली त्याला आता वर्ष होईल. सुरुवातीचे दिवस लोक डबे घेऊन येत होते आणि मी दार अर्धवट उघडून ग्रँड म्हणायला शिकलो होतो. दाराशी नीलाची निळी छत्री उभी असते. ती मी अजून हलवलेली नाही. मोहिते डबा घेऊन आले नाहीत. पायपुसण्यावर उभे राहून म्हणाले, "सर, रविवारी एकला या. टोळीत एक माणूस कमी पडतोय."

मी कुणाचाच सर नाही. लोकांचा मजकूर तपासून चुका दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. पण घरात पुस्तकं फार, म्हणून मोहित्यांनी मला सर करून टाकलं.

तर मी गेलो. सोफा, टीव्ही, आणि टेबलावर सॉसच्या बाटलीला टेकवलेला टॅबलेट. टॅबलेटमध्ये कराडजवळच्या त्यांच्या घरातली संध्याकाळ होती आणि डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी अगदी जवळून आमच्याकडे बघत होती.

"माझी आई," मोहिते म्हणाले. "ताई तिकडून लावून देते. आई इथे सहा महिने राहून गेली, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून मी तिला सांगत बसायचो. तेव्हापासून चालू आहे."

"शिनिमावालं, कवा लावताय?" म्हातारी म्हणाली.

मोहिते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तिला आता मुलगा म्हणून आठवत नाही मी. शिनिमावाला म्हणून आठवतो. ते पण ग्रँड आहे."

हे सिनेमे म्हणजे गरिबाघरचं लग्न. पाच गुंडांत तीन पिस्तुलं, एक व्हॅन, एक पब, एक कुत्रं. स्फोट व्हायचा असेल तर कॅमेरा स्फोटाकडे बघतच नाही, घाबरलेल्या चेहऱ्यांकडे बघतो आणि आवाज मागून येतो. दरोड्याची योजना पबच्या टेबलावर मीठमिरीच्या बाटल्या मांडून ठरते आणि ती फसणार हे त्या कुत्र्यालाही ठाऊक असतं. टोळीच्या म्होरक्याला दमा असतो, मोहित्यांच्या मराठीत तो 'सरपंच'. बॅरीचा बाबल्या, सिडचा शिद्या, आणि सिनेमा बदलला तरी टोळीची नावं तीच.

"ह्यांच्यात काय आवडतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"बॉम्ब फोडायला पैसे नसतात ना, मग बसून बोलतात बिचारे," मोहिते म्हणाले. "चहा पितात. एकमेकांना शिव्या घालतात. पण कुणी एकटा घरी जात नाही, बघा तुम्ही."

खिडकीबाहेर धड पडत नाही आणि धड थांबत नाही असा पाऊस. मला गुंगी यायची. इंग्रजी वाक्य पुढे जायचं, त्याची मराठी सावली मागून यायची, आणि मधल्या अर्ध्या सेकंदात लंडनची गल्ली कराडच्या बाजारपेठेत वळायची. बाबल्या शेंगांच्या पोत्यांमागे लपायचा. सरपंच दम लागून मारुतीच्या पारावर टेकायचा. तेवढ्याच अर्ध्या सेकंदात मला वाटायचं, आता मी भिंतीच्या या बाजूला आहे, तर त्या बाजूला नीला कान लावून बसली असेल.

पण सवय वाईट. भाषांतरातल्या चुका माझ्या कानाला टोचायच्या आणि मी हळू आवाजात त्या सांगायचो. मोहिते मान डोलवून सुधारून घ्यायचे. एक सोडून.

लंडनच्या गुंडांची एक चोरटी बोली असते. नेमका शब्द टाळायचा आणि त्याच्याशी यमक जुळणारं काहीतरी म्हणायचं. 'डेड'ला 'ब्रेड' जुळतो, म्हणून कुणी मेला की म्हणायचं, ब्राऊन ब्रेड झाला. हे वाक्य आलं की मोहिते म्हणायचे, "त्यो व्हय? ब्रेड आणाय गेलाय." प्रत्येक सिनेमात. शिद्याला गोळी लागली, ब्रेड आणायला गेला. सरपंच नदीत पडला, तोही ब्रेड आणायलाच. इतक्या वर्षांत यांना साधा अर्थ कळू नये? इथल्या दुकानादुकानांत तो ब्रेड असतो, त्यामुळे घोळ झाला असेल, असं मी धरून चाललो.

एका रविवारी बाबल्यावर पाळी आली. बाबल्या माझा लाडका. मोहिते म्हणाले, "बाबल्या ब्रेड आणाय गेलाय," आणि माझा आवाज नको तितका चढला.

"अहो, मेला! मेला तो!"

टॅबलेटमधली म्हातारी पुढे वाकली. पदर डोक्यावरून घसरला. "कोन मेलं? आरं, कोन मेलं?"

मागून ताईंचा हात आला आणि तिच्या खांद्यावर थांबला. मोहित्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"मेला न्हाई आये, मिळाला! मिळाला म्हणत्यात सर. ब्रेड मिळाला."

"मिळाला व्हय?"

"ताजा मिळाला."

"मंग बरं झालं," म्हातारी म्हणाली आणि मागे टेकली.

सिनेमा संपला, टॅबलेटवरचा फोन बंद झाला. मग मोहित्यांनी टॅबलेट पुसला, सॉसची बाटली कपाटात ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"अर्थ माहीत आहे मला, सर."

"माफ करा."

"माझे वडील गेले दोन वर्षांपूर्वी. आई विचारते, ह्ये कुठं हायत? मी खरं सांगितलं. मला नाही जमत खोटं बोलायला, कामच तसलं. तिने हंबरडा फोडला. तासाभराने पुन्हा विचारलं, ह्ये कुठं हायत? पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. एका संध्याकाळी तीनदा गेले वडील. तिच्यासाठी तीनही वेळा पहिल्यांदाच. पुढच्या रविवारी सिनेमात तो ब्रेड आला. मी म्हटलं, चला, सापडलं. आता कुणी विचारलं की ब्रेड आणायला. वडील पण."

मी घरी आलो. दाराशी छत्री होती तशीच होती.

पुढच्या रविवारी जाऊ की नको, असं झालं होतं. एकला भिंतीवर थाप पडली. गेलो. मोहित्यांनी नवा सिनेमा आणला होता.

"आईला कुठे आठवतायत जुने? तेच लावले तरी चालतील," मी म्हणालो.

"तिला नाही आठवत, पण मला आठवतात ना. फसवल्यासारखं वाटतं."

सिनेमा सुरू झाला. पबच्या टेबलावर मीठमिरीच्या बाटल्या मांडल्या गेल्या. तेवढ्यात म्हातारीची नजर मोहित्यांवरून माझ्यावर आली आणि तिथेच राहिली.

"ह्ये कोन?"

"आपलं सर हायत, आये. शेजारचं."

"एकलंच बसल्यात. कारभारीण कुठाय तुमची?"

मोहित्यांनी रिमोट दाबला. पडद्यावर टोळी तोंडं उघडी टाकून थांबली. मोहिते माझ्याकडे बघत होते.

"ब्रेड आणायला गेलीय," मी म्हणालो.

म्हातारीने आमच्या मागच्या खिडकीकडे बघितलं. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"पावसाची? छत्री तरी न्हेलीया का?"

"हो," मी म्हणालो. "निळी."