एका पोटाचे सात कोट

सासूबाईंच्या शिलाईच्या दुकानात तीस वर्षांत एक माप हरवलं नव्हतं. हरवेल कसं? प्रत्येक माप दोनदा लिहायचं, हा त्यांचा कायदा!

सुनेनं कॉम्प्युटरवरचा जुना प्रोग्रॅम काढून स्वतः बनवलेला नवा बसवला. होती ती नेटवरची वेबसाइटच, पण रुबाब अस्सल प्रोग्रॅमचा! स्वतःची चौकट, स्वतःचं चित्र, टिचकी मारली की हजर!

"नेटचा काय भरवसा?" सासूबाई म्हणाल्या. "एक जरी माप हरवलं, तर तू मुकाट्यानं काजं करत बसायचं. नाही हरवलं, तर गिऱ्हाइकापुढची माझी खुर्ची तुझी!"

"चालेल, आई."

दुसऱ्याच दिवशी सून बटणं आणायला गेली आणि इकडे नेट गेलं. समोर मुख्याध्यापक कोटाच्या मापाला उभे. पोट असं, की टेप धरायला दोन माणसं लागावीत! सासूबाईंनी एकेका बोटानं माप लिहिलं. पडद्यावर आलं, ‘जपून ठेवलंय. नेट आलं की पाठवते.’

"पाठवते म्हणे! आमच्या जाऊबाई नेलेलं पातेलं असंच पाठवतात!"

पैज गेली खड्ड्यात, दुकानाचं नाव राहायला हवं! त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. सासूबाईही हट्टी. सातदा लिहिलं!

मग नेट आलं. आतल्या खोलीत कटिंग मास्तरांच्या पडद्यावर सात कोट उतरले. मास्तरांनी सगळ्यात भारी तागा उलगडला आणि कात्री चालवली. सून परतली तेव्हा सातव्या कोटाची बाही बेतून होत होती.

"अहो मास्तर, एकाच मापाचे सात कोट? विचारायचं तरी!"

"मागं एकदा विचारलं होतं, बाई," मास्तर सासूबाईंकडे न बघता म्हणाले.

सुनेनं पडद्यावरच्या सहा नोंदी एका फटक्यात पुसल्या. एक कळ दाबून परत आणल्या. पुन्हा पुसल्या. सासूबाई बघतच राहिल्या.

"अगंबाई! आता हेच त्या कापडाला करून दाखव!"

ते काही जमलं नाही. एक कोट मुख्याध्यापकांना गेला. एक सासऱ्यांना मिळाला. त्यात ते मावले, शिवाय दोन उशाही.

पण माप? एक अक्षर हरवलं नव्हतं! सासूबाई खुर्चीवरून उठल्या.

"बस. पोरी, तुझं यंत्र शब्दाला पक्कं आहे. आणि तूही."

सुनेचे डोळे चमकले. "आई, पुन्हा एकदा म्हणा ना!"

"एकदा म्हटलेलं जपून ठेव! नेट आलं की माहेरी पाठव!"