न विचारता दीपगृहापर्यंत

"ते गाव मी तीनशे वेळा पाहिलंय. आता आणखी काय पाहायचं त्यात?" सोफेवाल्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पत्नीस विचारले, आणि हातातील बटण दाबून पडद्यावरील टपालवाल्यास बंदराच्या दिशेने पिटाळले.

फाटलेल्या सोफ्यांना व खुर्च्यांना नवे कापड चढवून देणे हा त्यांचा व्यवसाय होता. जावयाने दिलेल्या व्हिडिओ गेमचा त्यांना विलक्षण लळा लागला होता. गेममधील गाव काल्पनिक नव्हते. एका खरोखरच्या बंदराचे ते हुबेहूब चित्र होते. सबब, प्रवास नामक खटाटोपाची मनुष्यास आता गरज उरलेली नाही, असा सिद्धांत त्यांनी मांडला होता. त्या सिद्धांताच्या मुळाशी मात्र एक नाजूक कारण होते. परक्या माणसास वाट विचारणे त्यांना मेल्याहून मेल्यासारखे वाटे, आणि गेममध्ये कोणाला काही विचारावे लागत नसे.

"गाव तुम्ही पाहिलंय. मी नुसती तुमची पाठ पाहिलीय," पत्नी म्हणाल्या.

"अगं, स्टेशनापासून दीपगृहापर्यंत डोळे बांधून नेईन तुला. अकरा मिनिटांत!"

"कोणाला न विचारता?"

"न विचारता."

"मग लावा पैज. न विचारता नेलंत, तर 'कुठेतरी जाऊ या' म्हणून मी जन्मात तोंड उघडणार नाही. विचारलंत, तर दरवर्षी एक गाव दाखवायचं. बोला."

एकतीस वर्षांची भुणभुण अकरा मिनिटांत मिटत असेल, तर कोणता पती माघार घेईल? पुढच्याच रविवारी उभयता त्या गावच्या स्टेशनावर उतरली.

आरंभ तर देदीप्यमान झाला. कारंज्यावरचा कान तुटलेला दगडी घोडा जागच्या जागी होता. टपाल कचेरी होती. तिच्यामागचा दगडी जिनासुद्धा होता. "बघ! आता खाली उतरलो की मासळी बाजार," सोफेवाले म्हणाले. ते उतरले. खाली दोरीवर कोणाचे तरी पायजमे वाळत होते.

गेम रचणाऱ्यांनी खेळणाऱ्याचे पाय दुखू नयेत म्हणून मधली अख्खी वस्तीच गाळून टाकली होती. सोफेवाल्यांना हे कसे कळावे? गेममध्ये कोणत्याही दारात शिरले तरी कोणी हटकत नाही. त्याच सवयीने ते पायजम्यांमागच्या दारात शिरले आणि थेट एका स्वयंपाकघरात उगवले.

"काय हो? कोण पाहिजे?" मटार सोलणाऱ्या बाईने विचारले.

सोफेवाले पेचात पडले. वाट विचारावी तर पैज जाते, न विचारावी तर चोर ठरतो. पत्नी मागून आल्या आणि म्हणाल्या, "घोटभर पाणी मिळेल का, ताई? आमचे हे जरा वेंधळे आहेत."

"बसा की. आमचेही तसेच आहेत."

या समान दुःखावर दोघींचा पाऊण तास गेला. मटार संपले. वाटेचा विषय मात्र पत्नींनी एकदाही काढला नाही, कारण पैजेच्या बाबतीत त्या प्रामाणिक होत्या.

पुढे तीन गल्ल्या फिरून पुन्हा त्याच पायजम्यांपाशी आल्यावर सोफेवाल्यांनी युक्ती योजिली. न्हाव्याच्या दुकानात जगाच्या वाटा आपोआप कानी पडतात, हे ध्यानी घेऊन ते दाढीस बसले. परंतु बसताक्षणीच त्यांच्यातील कारागीर जागा झाला. खुर्चीची शिवण उसवली होती! खिशात वाकडी सुई असतेच. एक गाल झाल्यावर ते खाली उतरले आणि खुर्ची शिवू लागले.

"वा, काय हात आहे, काका!" न्हावी हरखला. "पाहुणे दिसता. दीपगृहाला निघालात ना? तर इथून असं..."

"सांगू नका!" सोफेवाल्यांनी दोन्ही कान झाकले आणि एका गालावर फेस तसाच ठेवून ते रस्त्यावर धावत सुटले. पत्नींनी न्हाव्यास एवढेच सांगितले, "काही नाही हो, ते फिरायला आलेत."

त्यानंतर त्यांनी एक टेकडी सर केली. वर दीपगृह नव्हते, पाण्याची टाकी होती, आणि समुद्राची बाजू झाडीने झाकलेली होती. टाचेस फोड आला. गालावर फेस वाळला. अकरा मिनिटांचे पाच तास झाले. अखेर एका गोदामाला वळसा घातला, आणि अहो आश्चर्यम्! शंभर पावलांवर दीपगृह उभे होते.

"जिंकलो!" असे ओरडण्यासाठी ते मागे वळले. पण पत्नी थांबल्या होत्या. एका खिडकीतल्या मांजराकडे त्या पाहत होत्या. मग गल्लीकडे पाहिले, मग पुन्हा मांजराकडे. हे पुन्हा दिसणार नाही अशा हिशेबाने मनुष्य पाहतो, तसे ते पाहणे होते.

"मला दिसलं दीपगृह," त्या हळूच म्हणाल्या. "जिंकलात तुम्ही. आता नाही मी काही म्हणायची."

सोफेवाल्यांनीही मांजराकडे पाहिले. गेममधली जागा केव्हाही पुन्हा पाहता येते, आणि म्हणूनच की काय, तीनशे वेळांत त्यांनी तिथे एकही मांजर नीट पाहिले नव्हते. इतक्यात दीपगृहाकडून रंगाची बादली घेतलेला एक रंगारी आला. सोफेवाल्यांनी घसा खाकरला. त्यांचे कान लाल झाले होते.

"अहो, दादा... दीपगृह कुठं आहे हो?"

रंगाऱ्याने दीपगृहाकडे पाहिले. मग यांच्या अर्ध्या दाढीकडे पाहिले. "हे काय, काका, डोक्यावर पडेल इतकं जवळ आहे! पण आज बंद. आतून रंग ओला आहे."

"अहो, हे काय केलंत?" पत्नी थक्क झाल्या. "समोर तर होतं!"

"असेल. पण खात्री केलेली बरी," सोफेवाले म्हणाले, आणि पुन्हा रंगाऱ्याकडे वळले. "रंग वाळायला किती दिवस लागतात हो? आणि वर पायऱ्या किती? तुम्ही इथलेच का? इथून पुढचं गाव कोणतं? तिकडं बघण्यासारखं काय?"

रंगाऱ्याने बादली खाली ठेवली. आकाशाचा रंग बदलू लागला, तरी प्रश्न सरेनात. शेवटी पत्नींनीच त्यांची बाही ओढली.

"अहो, चला आता! गाडी चुकेल!"

"थांब गं, एवढं एकच विचारतो," सोफेवाले म्हणाले.